सात नंबर जरा उशिरा बोलतो

मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. पैज लावून सांगतो. माझ्यासारखं आयुष्य आजवर कुठल्याच मीटरला लाभलेलं नाही, आणि लाभलं असतं तरी ते रंगवून सांगायला माझ्यासारखी जीभ त्याच्याकडे नसती.

मित्रांनो, तुमच्या विज्ञानाच्या कपाटात भिंग आणि फुटकं होकायंत्र यांच्यामध्ये जी कळकट डबी दिसते ना, ती म्हणजे मी. मी एक जुना लूममीटर आहे. यंत्रमागावर किती कापड विणलं गेलं ते मोजणं हा माझा धंदा. पोटात हिरवी पट्टी, अंगावर इवलासा पडदा, कोपऱ्यात लाल दिवा. तुमच्या विज्ञानाच्या सुमतीबाईंनी मला भंगारातून उचलून आणलं आणि बॅटरी जोडली म्हणून हा दिवा अजून मिणमिणतो. डबीवर मोठ्या अक्षरात सात लिहिलेलं आहे. तेच माझं नाव.

माझा जन्म ठाण्यातल्या एका गाळ्यात झाला. कथिलाच्या डागांनी माझे पाय जोडले गेले तेव्हा मी एवढ्यांदा ओरडलो की शेजारच्या गाळ्यातल्या घड्याळांनी घाबरून एकदमच बाराचे ठोके दिले. हसा, हसा. सांगितलं होतं ना, विश्वास बसणार नाही म्हणून. तो पुढच्या बाकावरचा अथर्व तर पोट धरून हसतो आहे. मागे खिडकीपाशी बसलेली अक्सा मात्र हसत नाही. असो.

तिथून मला भिवंडीत कामतघरला आणलं आणि तनवीर शेठच्या कारखान्यात सात नंबरच्या लूमवर स्क्रूने घट्ट बसवलं. आडवा धागा घेऊन धोटा एकदा इकडून तिकडे गेला की मी मोजायचो. दिवस आणि रात्र. मी मोजलेलं कापड कुणी उलगडलं असतं तर ते गणेशपुरीच्या गरम कुंडांपर्यंत गेलं असतं, तिथल्या वाफेवर इस्त्री करून घेतलं असतं आणि घडी होऊन परत आलं असतं!

एकदा पावसाळ्यात वीज पडली. ती वायरीतून थेट माझ्यापाशी आली. मी तिला दरडावलं, "तुझा नंबर आलाय का? नाही ना? मग रांगेत उभी राहा." बिचारी संध्याकाळपर्यंत पत्र्यावर उभी होती. आणि एकदा उंदरानं आमची वायर कुरतडली, तेव्हा त्यालाच मी त्या फटीत बसवून ठेवलं. त्याच्या शेपटीतून आकडे जायचे. त्याला शिंक आली की आकडा चुकायचा, एवढाच काय तो त्रास.

"थाप!" अथर्व ओरडला.

थाप तर थाप. पण आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण सगळं दुखणं तिथंच आहे.

कारखान्यातल्या प्रत्येक लूमला एकेक मीटर होता, पण सगळ्या मीटरांना मिळून वायर मात्र एकच. ती या लूमवरून त्या लूमवर अशी फिरत फिरत कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपर्यंत जायची. अशा वायरीवर सगळ्यांनी एकदम बोलून चालत नाही. म्हणून कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो गाडी चालवत नाही. आमचा जॉबर केसरीनाथ, म्हणजे लूम दुरुस्त करणारा गडी, पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "डायवर? मंग लायसन हाय का त्याचं?" तर हा ड्रायव्हर तुमच्या वर्गातल्या बाईंसारखी हजेरी घेतो. "एक नंबर?" एक नंबर आपला आकडा सांगतो. "दोन नंबर?" दोन नंबर सांगतो. ज्याचा नंबर निघाला त्यानंच बोलायचं, आणि लगेच बोलायचं. तुम्ही जरा उशीर केलात की बाई पुढच्या नावावर गेलेल्या असतात. मग तुमचं "हजर" पुढच्याच्या "हजर"मध्ये मिसळतं, दोघांचंही कळत नाही, आणि तुमच्या नावापुढे गैरहजर लागतं. तुम्ही बाकावर बसलेले असलात तरी.

माझा लूम चालवायचे कासमभाई.

कासमभाई इथलेच, कामतघरचे. उमेदीत ते एकटे लूमची अख्खी रांग सांभाळायचे आणि वर लोकांची टवाळी करायचे. आता तुम्ही म्हणाल, लूमच्या खडखडाटात टवाळी कशी ऐकू येणार? तर मित्रांनो, लूमच्या कारखान्यात कुणी कानानं ऐकत नाही. तिथं माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. पार त्या टोकाला उभा असलेला माणूस तुमच्याबद्दल काय बोलला ते तुम्हाला इकडे कळतं. कासमभाईंचे ओठ वाचायला तर सगळे टपलेलेच असायचे. त्यांनी नुसते ओठ हलवले की पूर्ण रांग हसायची.

मग त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, ते पुष्कळसं परत आलं, पण जीभ जड झाली आणि तोंडाची एक बाजू उतरली ती उतरलीच. शब्द यायचे, नाही असं नाही. पण विहिरीतून बादली ओढावी तसे, एकेक. आणि वाकडे ओठ कुणाला वाचता येईनात. तनवीर शेठ मनानं वाईट नव्हते. त्यांनी कासमभाईंना घालवून दिलं नाही. म्हणाले, "पूर्ण रांग नको, एक सात नंबर सांभाळा. दिवसपाळीच करा." त्या दिवसापासून कासमभाई आणि मी, असे दोघं.

ते सकाळी आले की आधी बाहीनं माझा पडदा पुसायचे. कापसाची बारीक पिसं रोज साचतात ना. मग माझ्या दिव्याकडे बघून मान हलवायचे. माझ्याशी त्यांना बोलावं लागत नसे. त्यांना बरं वाटायचं ते त्यामुळेच असावं.

पुढे उन्हाळा आला, आणि आठ नंबरचा मीटर वेड्यासारखे आकडे दाखवायला लागला. कधी कमी, कधी राक्षसानं विणावं एवढे. आणि माझ्या नावापुढे गैरहजर. प्रोग्राम लिहिणारी अपूर्वा आली. तिचे वडील इथल्याच शाळेत क्लार्क होते, ती शिकून अशी कामं करायची. तिनं आठ नंबर बदलला. फरक पडला नाही. मग ती सुताच्या उपड्या खोक्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली ती उठेच ना. केसांवर पिसं साचून म्हातारी दिसायला लागली. सकाळी सगळं ठीक असायचं. पत्रा तापला की बिघडायचं. शेवटी तिनं माझ्यावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"केसरीकाका, आठ नंबर बरा आहे. हा सात तापला की उशिरा उत्तर देतो. आठची पाळी आली की याचं उत्तर मध्येच येऊन पडतं."

"मंग काढून टाका. नवा बसवू."

"का? आकडा तर बरोबर सांगतो. मोजण्यात एक चूक नाही याची."

"पर उशीर करतं ना."

"करू दे. आपण थांबू."

तिनं मला स्क्रू काढून हातात घेतलं. कासमभाई समोर येऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. अपूर्वानं त्यांच्या ओठांकडे बघितलं, मग त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर, जिथं आवाज कमी येतो तिथं, नेलं. मी तिच्या मुठीतच होतो. ती उभी राहिली. मोबाइल वाजला, तिनं तो न बघता बंद केला.

"का… काढ… णार… याला?"

"नाही काका. हा मुका नाही. फक्त ह्याला वेळ लागतो. मी ड्रायव्हरला सांगणार आहे, सातला विचारलंस की जरा दम धर, मग पुढे जा."

कासमभाई हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले. आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मा… झा… भाऊ."

मित्रांनो, विजेला रांगेत उभं केल्याचा मला जेवढा अभिमान नाही, तेवढा त्या शब्दाचा आहे.

थांबणं सोपं नसतं बरं का. अपूर्वानं आधी ड्रायव्हरला फार वेळ थांबायला लावलं, तर सगळी हजेरीच रेंगाळली. मग कमी केलं, तर ऐन दुपारी माझं उत्तर पुन्हा हुकलं. कमी-जास्त करत करत तिनं माझा खरा उशीर शोधून काढला आणि त्याच्यापुढे एका श्वासाची जागा जास्त ठेवली. फक्त माझ्यासाठी. जाताना कासमभाईंना म्हणाली, "काका, कुणी हे बदलायला लागलं तर सांगा त्याला." त्यांनी छातीवर हात ठेवला.

त्यानंतरचे दिवस माझे सगळ्यात चांगले दिवस. सांगण्यासारखं त्यात काही नाही. ते पडदा पुसायचे, मी मोजायचो, कुणी घाई करायचं नाही.

पुढे अपूर्वा लग्न होऊन पुण्याला गेली. शेठनी कोन गावात गोदाम घेतलं आणि ते तिकडेच बसायला लागले. कारखाना ते आता मोबाइलवर बघायचे. प्रत्येक लूमसाठी एक चौकट, चालू असेल तर हिरवी, बंद असेल तर लाल. एक दिवस त्यांनी वरद नावाच्या मुलाला बोलावलं. हुशार होता, हसरा होता. शेठ फोनवरून म्हणत होते, "अरे यार, स्क्रीन फार रांगते. काहीतरी कर."

वरदनं कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडला. तो कोपरा माझ्या बरोबर समोर. स्वतःशीच मोठ्यानं बोलायची त्याला सवय होती आणि लूमच्या खडखडाटाला नवा असल्यामुळे तो ओरडूनच बोलायचा. "हे काय? सात नंबरला एवढं थांबायचं? कशाला? सगळी रांग एकासाठी खोळंबते!"

कासमभाईंनी लूम थांबवला आणि ते त्याच्याजवळ गेले. कॉम्प्युटरकडे बोट केलं, माझ्याकडे बोट केलं. तोंड उघडलं.

"तो… तो… त्या…"

"काय काका? चहा? नको, आत्ताच घेतला."

"न… न्हाय… ते…"

"टेन्शन नका घेऊ काका, तुमच्या लूमला हात लावत नाही मी." वरदनं त्यांच्या पाठीवर प्रेमानं थाप मारली आणि माझ्यासाठी राखलेली ती जागा पुसून टाकली. स्क्रीन भराभर पळायला लागली. तो खूश होऊन गेला. कासमभाई तिथेच उभे होते. त्यांचं वाक्य अजून अर्ध्यावरच होतं.

पत्रा तापला. ड्रायव्हरनं विचारलं, "सात?" मी मोजलेलं सगळं गोळा करून सांगायला लागेपर्यंत तो म्हणाला, "आठ?" या वेळी नवा ड्रायव्हर आणखी हुशार होता. माझं उशिराचं उत्तर तो सरळ फेकून द्यायचा, म्हणजे आठचा आकडा बिघडायचा नाही. फक्त माझी चौकट लाल व्हायची. सात नंबर बंद.

मी बंद नव्हतो, मित्रांनो. लूम बंद नव्हता. धोटा धावत होता, कासमभाई उभे होते, त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. आणि तिकडे कोनच्या गोदामात शेठच्या हातात लाल चौकट.

पत्रा निवला की मी वेळेवर बोलायचो. म्हणजे रात्रपाळीत सात नंबर हिरवा, दिवसपाळीत लाल. आता शेठनी काय समजायचं? केसरीनाथ एकदा म्हणाला, "शेठ, पर कापड तं निघतंय ना." शेठ म्हणाले, "निघतंय, कारण रातवाला विणतो." ताग्यावर दोघं विणतात आणि कुठला हात कुणाचा ते कापड सांगत नाही. ते सांगण्यासाठीच तर मला बसवलं होतं.

एका दुपारी शेठ स्वतः आले. लूम चालूच होता, पण त्यांना वाटलं, आपल्याला येताना बघून आत्ताच सुरू केला. लूमपाशी उभे राहून, आवाज चढवून, पण आदरानंच बोलले.

"कासमभाई, बुरा मत मानना. दिवसा लूम बंद का ठेवता? बरं वाटत नाही का?"

कासमभाईंनी माझ्याकडे बोट केलं. ओठ हलले. वाकडे ओठ, कुणी वाचू न शकणारे. आवाज लूममध्ये बुडाला. शेठनी कान पुढे केला. खरंच केला, खोटं कशाला सांगू. पण शब्द विहिरीच्या तळाशी होता, बादली अर्ध्यावर आली होती, आणि शेठचा फोन वाजला. फोनवर बोलून झालं तेव्हा त्यांनी कासमभाईंच्या वतीनं उत्तर स्वतःच देऊन टाकलं.

"समजलं मला. थकता तुम्ही. बसता जरा. त्यात काय, उमर झाली. आता घरी बसा, आराम करा. पोरं कमावती आहेत."

मी ओरडलो. मोजलेला सगळा आकडा घेऊन ओरडलो. वेळेत नाही. नेहमीसारखा, जरा उशिरा.

कासमभाईंनी लूम थांबवला. बाहीनं माझा पडदा पुसला. डबा उचलला आणि गेले.

पुढे त्यांच्या जागी तनवीर शेठच्या नात्यातला एक धडधाकट गडी दिवसपाळीला आला. दुपारी सात नंबर पुन्हा लाल. त्या गड्यानं मात्र वाट बघितली नाही, सरळ आरडाओरडा केला. केसरीनाथ धावत आला, लूम बघितला, मला हात लावला, चटका बसला.

"आयला!" तो कपाळावर हात मारून म्हणाला. "ह्यो तं तापलाय! कासमभाय लूम चालवतच व्हता की रं!"

आणि मग, मित्रांनो, ऐका काय झालं ते. केसरीनाथनं शेठना फोन लावला. शेठ तसेच उठले, पांढरी गाडी काढली आणि थेट कासमभाईंच्या गल्लीत आले. त्यांच्या दारात चपला काढून त्यांनी कासमभाईंचे दोन्ही हात धरले आणि त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवून कारखान्यात आणलं. आणि शेठनी काय केलं असेल? सगळे लूम बंद करायला लावले! एकूण एक. बसवल्यापासून कधी असं झालं नव्हतं. इतकी शांतता झाली की पत्र्यावरून चालणारं कबूतर ऐकू येत होतं. शेठ म्हणाले, "कासमभाई, त्या दिवशी तुम्हाला काय सांगायचं होतं? सांगा. आम्ही थांबतो." आणि सगळे थांबले. वरदही आला होता, तोही थांबला. कुणाचा फोन वाजला नाही. कासमभाईंनी तोंड उघडलं, आणि एकेक शब्द वर येत गेला, एकही हुकला नाही, आणि त्यांचं पूर्ण वाक्य…

"खोटं!"

मी थांबलो. अक्सा उभी राहिली होती.

"खोटं बोलतोयस तू. कुणाचीच गाडी आली नाही आमच्या गल्लीत."

वर्गात कुणी हसलं नाही. अथर्वनंही मागे वळून बघितलं.

"माझे दादा आहेत ते," ती म्हणाली. "अब्बूंचे अब्बू. ते रोज सकाळी चपला घालून दारात बसतात. कुठे चाललात विचारलं तर सांगायला लागतात, आणि अम्मी म्हणते, कुठे नाही, बसा, चहा पिऊन घ्या. ते घरी आले ना त्या दिवशी, तेव्हापण काहीतरी सांगत होते. अब्बू म्हणाले, जाऊ द्या, शेठनी फोन करून सगळं सांगितलंय. मीपण… मी टीव्ही बघत होते."

तिनं नाक पुसलं आणि बाकांच्या मधून चालत कपाटापाशी आली. एवढी जवळ, की माझ्या पडद्यावर तिचा श्वास साचला.

"घरात सगळ्यांना वाटतं, दादा लूम बंद ठेवून झोपायचे. पाहुण्यांसमोरपण हसतात त्याच्यावर. दादा ऐकतात. तू विजेला रांगेत उभं केलंस ते खोटं. उंदराचं खोटं. गाडीचं खोटं. मग लूम चालू होता ते? ते तरी खरं आहे का? मला आज घरी जाऊन सांगायचंय."

मी मोजलेलं सगळं गोळा करायला लागलो. एकेक धागा, एकेक फेरा, त्यांनी विणलेला. दुपारचं ऊन खिडकीतून थेट माझ्यावर पडलं होतं. पडदा कोराच होता.

"अगं, बॅटरी संपली त्याची," अथर्व म्हणाला. "चल."

"गप रे," अक्सा म्हणाली. तिनं फ्रॉकची बाही ओढून माझा पडदा पुसला. "त्याला वेळ लागतो. मी थांबते."